होमस्कूलिंग, बारावीचा भूगोल: काय घ्यावं आणि काय टाळावं?

चेंबूरकर_आई

मुलगी १६ वर्षांची, घरीच शिकते. एनआयओएस या मुक्त विद्यालय मंडळातून दहावी झाली, आता बारावीला भूगोल (विषय क्रमांक ३१६) घेतलाय. नकाशा समोर असला की तासभर जागची हलत नाही, पण धडा वाच म्हटलं की तिसऱ्या पानाला जांभया. ऑनलाइन शोधलं तर अमेरिकेतली वर्षभराची तयार पेटी मिळते: वेळापत्रक, पुस्तकं, रंगवायचे नकाशे, सगळं एकत्र. किंमत बघून घाम फुटला.

ती पेटी घेण्यात अर्थ आहे का? नसेल तर मुख्य आधार कशाचा ठेवायचा? ॲटलास काय बघून घ्यायचा? आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत, त्याची तयारी घरी कशी होणार? माझा स्वतःचा भूगोल दहावीलाच सुटलाय, तेव्हा जरा फोड करून सांगा.

भूगोलाची_शिकवणी

ताई, पेटी नको. किमतीचं सोडा, आतला मालच आपल्या कामाचा नाही. तापमान फॅरनहाइटमध्ये, अंतरं मैलांत, ऋतू चार, आणि बराच वेळ पन्नास राज्यं नि त्यांच्या राजधान्या पाठ करण्यात. शिवाय बाहेरच्या नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या सीमा बऱ्याचदा तुटक रेषेने दाखवतात. तोच नकाशा डोळ्यांत बसला आणि परीक्षेत तसाच काढला की गुण गेले. इथे सर्व्हे ऑफ इंडियाने, म्हणजे सरकारी नकाशा संस्थेने, दाखवलेली सीमाच चालते.

मुख्य आधार एनआयओएसचंच पुस्तक. पण ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. कोणते धडे टीएमएसाठी (घरून सोडवून द्यायचे स्वाध्याय) आणि कोणते लेखी परीक्षेसाठी, ही विभागणी एनआयओएसच देते. तो तक्ता आधी उतरवून भिंतीला लावा. लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २० हे डोक्यात ठेवून वेळ वाटा. जोडीला एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. त्यांत प्रात्यक्षिकाचं वेगळं पुस्तक आहे, ते जरूर छापून घ्या. बालभारतीचा दहावीचा भूगोलही जवळ असू द्या. त्यात जवळजवळ प्रत्येक धड्यात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवलेत, आणि तुलना करायची सवय लावायला याहून स्वस्त साधन नाही.

आता जांभयांचं. तिला नकाशा आवडतो ना, मग धडा उलटा शिकवा. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा खाली ठेवा, त्यावर ट्रेसिंग पेपरवर काढलेला पर्जन्याचा नकाशा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि पुण्यात सातशेच्या आसपास, असं का, हे धडा न वाचता चार ओळींत लिहायला सांगा. मग धडा उघडायचा, तो फक्त स्वतःचं उत्तर तपासायला. चुकीचं उत्तर लिहून झालं असेल तर धडा जास्त लक्षात राहतो, कारण वाचताना शोध चालू असतो.

ॲटलासबद्दल. फोर्टच्या फुटपाथवर जुने ॲटलास स्वस्तात मिळतात, घ्यायलाही हरकत नाही, पण वय तपासून. तेलंगणा आहे का (२०१४)? पालघर जिल्हा आहे का (तोही २०१४)? लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश दाखवलाय का (२०१९)? जगाच्या नकाशात दक्षिण सुदान आहे का (२०११)? प्राकृतिक नकाशासाठी जुना ॲटलास चालतो, सह्याद्री काही हललेला नाही. राजकीय नकाशासाठी मात्र नवाच लागतो. मागे स्थळसूची आहे का, आणि सूचीत अक्षांश-रेखांश दिलेत का, हेही बघा. ज्या ॲटलासमध्ये मृदा, पाऊस, पिकं, खनिजं आणि लोकसंख्या यांचे वेगवेगळे नकाशे नाहीत, तो पाचवीच्या मुलाला द्या.

टोपोशीटवाला

वरच्यांशी सहमत. फक्त नकाशावेड्या मुलीला ॲटलासवर थांबवू नका, टोपोशीट (जमिनीचा चढउतार, नद्या, रस्ते, वस्त्या दाखवणारा तपशीलवार नकाशा) हातात द्या. त्या एका कागदातून प्रात्यक्षिकाचा बराच भाग निघतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाच्या शीट पीडीएफमध्ये मिळतात. जुन्या क्रमांकांनी बोलायचं तर दादरपासून उत्तरेला ठाणे-बोरिवलीपर्यंतचा भाग ४७ ए/१६ वर, दक्षिण मुंबई आणि घारापुरी ४७ बी/१३ वर. सुरुवात मुंबईने करू नका. शहराच्या शीटवर इमारती आणि रस्त्यांची इतकी गर्दी असते की समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) शोधताना डोळे दुखतात. ४७ एफ/५ घ्या: माथेरान, कर्जत, उल्हास नदी, सगळं एका कागदावर. (नेरळ मात्र त्यावर सापडणार नाही, ते वरच्या ४७ ई/८ वर जातं. मुलं हमखास शोधत बसतात.)

छपाईत सगळ्यात मोठी चूक होते. ही शीट पंधरा मिनिटं अक्षांश, पंधरा मिनिटं रेखांशाची, म्हणजे खऱ्या प्रमाणात नुसता नकाशाच सुमारे ५५ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद. दुकानात 'फिट टू पेज' करून ए४ वर काढली की ती साधारण तीनपट आकसते, पण खाली १:५०,००० तसंच छापलेलं राहतं. मग मुलगी पट्टीने ६ सेंमी मोजते, ३ किमी लिहिते, आणि प्रत्यक्षात अंतर असतं ९ किमीच्या आसपास. प्लॉटर (मोठे कागद छापणारं यंत्र) असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात ए१ कागदावर 'ॲक्च्युअल साइज' सांगून काढा. दुकानातून हलण्याआधी रेषाप्रमाणावर (नकाशाखालची किमीच्या खुणांची रेघ) पट्टी ठेवा: ५ किमीला बरोबर १० सेंमी भरले पाहिजेत. आकसलेली प्रत टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवल्या की अंकप्रमाण (१:५०,०००) खोटं का ठरलं आणि रेषाप्रमाण खरं का राहिलं, हा परीक्षेतला प्रश्न न शिकवता सुटतो.

मग छेद काढायला लावा, म्हणजे एका रेघेवर जमीन कापली तर बाजूने कशी दिसेल ते चित्र. माथेरानच्या पठारापासून कर्जतजवळ उल्हासच्या पात्रापर्यंत पेन्सिलीने सरळ रेघ. नकाशावर ती १८-१९ सेंमी भरते, म्हणजे जमिनीवर सव्वानऊ किमीच्या आसपास. रेघेला कागदाची अरुंद पट्टी लावायची आणि प्रत्येक समोच्च रेषा जिथे छेदते तिथे खूण करून उंची लिहायची. आधी समासात रेषांतर (लागोपाठच्या दोन समोच्च रेषांमधला उंचीचा फरक) किती आहे ते वाचा. बहुतेक ठिकाणी २० मीटर असतं, आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे १०० मीटरची. कड्याच्या जागी रेषा एकमेकींना चिकटतात. तिथे एकेक मोजत बसायचं नाही, जाड रेषा धरून उतरायचं. मग त्या खुणा आलेख कागदावर न्यायच्या.

उभं प्रमाण काय घ्यायचं, इथे सगळे अडखळतात. आडवं प्रमाण १ सेंमीला ५०० मीटर आहेच. उभंही तेच घेतलं तर साडेसातशे-आठशे मीटरचं माथेरान दीड सेंमीचा टेंगूळ दिसतं. उभं १ सेंमीला २० मीटर घेतलं तर चाळीस सेंमीची सुई होते, २५ पट ताणलेली, कागदात मावत नाही. १ सेंमीला १०० मीटर घ्या. छेद आठ सेंमी उंच येतो, पाचपट ताणलेला, आणि 'उभं प्रमाण ५ पट' हे खाली लिहायचं. हे लिहिलेलं नसतं म्हणून गुण कापले जातात, छेद चुकला म्हणून क्वचित.

आणखी एक. माथ्यावर सारख्या उंचीच्या दोन खुणा लागोपाठ आल्या की मुलं त्या सरळ रेघेने जोडतात. जमीन तिथे किंचित वर किंवा खाली गेलेली असते, पण पुढच्या समोच्च रेषेला टेकलेली नसते. हलका बाक द्यायचा.

शेवटी गुगल अर्थ प्रोमध्ये तीच रेघ 'पाथ' म्हणून आखा आणि त्यावर राइट क्लिक करून 'एलिव्हेशन प्रोफाइल' बघा. हा क्रम उलटा करू नका. आधी पडद्यावर बघितलं की हाताचा छेद नकळत त्याची नक्कल होतो.

चेंबूरकर_आई

ए४ वरच छापून आणलं होतं! आत्ता पट्टी लावली, ५ किमीला साडेतीन सेंमी भरतात. बरं झालं विचारलं.

पावसाळा तोंडावर आहे, चार महिने बाहेर पडणं अवघड. तोवर घरून काय करता येईल?

ओहोटीची_वाट

पावसाळा हाच तर मुंबईतला सर्वांत मोठा स्रोत, आणि फुकट.

घरीच पर्जन्यमापक करा. दोन लिटरची सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या. निमुळता भाग कापून उलटा, गाळण्यासारखा बसवा. तळ खळग्यांचा असतो, म्हणून खडे आणि पाणी घालून बाटली सरळ होते तिथपर्यंत भरा आणि ती पातळी शून्य धरून मिमीची पट्टी चिकटवा. तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असली पाहिजेत. मोठं नरसाळं बसवलं की आकडा फुगतो. गॅलरीच्या ग्रिलवर ठेवू नका, तिथे अर्धा पाऊस अडतो आणि वरच्या मजल्याचं ठिबकणारं पाणी त्यात पडतं. गच्चीत, कठड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मध्यरात्रीला मोजलं तर त्यांच्या आकड्याशी ताळा कधीच जुळणार नाही.

मग सांताक्रूझ, कुलाबा (ही हवामान खात्याची केंद्रं) आणि तुमची गच्ची, असे तीन रकाने. एका शहरात इतका फरक कसा, हे तिला आपोआप विचारावंसं वाटेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. ते दोन आकडे आणि मिठी नदीचा नकाशा एकत्र ठेवून, 'त्या दिवशी समुद्राला भरती नसती तर?' हा प्रश्न द्या. विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंतचा मिठीचा उतार टोपोशीटवरून काढता येतो, म्हणजे वर सांगितलेलं कौशल्यही वापरात येतं.

ऑक्टोबरनंतर किनारा. वांद्र्याचं बँडस्टँड घ्या: लाटांनी खडक कापून केलेला सपाट ओटा, पुस्तकातला तरंगघर्षित मंच, ओहोटीला पायाखाली उघडा पडतो. लगेच उत्तरेला जुहूला वाळूचा पुळण. एकीकडे झीज, दुसरीकडे भर, आणि मध्ये रिक्षाचं अंतर.

वेळ साधायला भरतीचा तक्ता बघाच, पण आधी कोकणातला हिशोब तिला शिकवा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊण ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि ओहोटी त्याआधी सहा-सव्वासहा तास, सकाळी नवाच्या आसपास. क्षेत्रभेटीला हीच वेळ सोयीची. तक्त्याशी ताडून बघितलं की अमावस्या-पौर्णिमेकडे जाताना पाऊणपटीचा हिशोब थोडा मागे पडतो. कारण शोधायला लावा: पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं, आणि आपण धरतो ४५. पंधरा तिथींत पाऊण तासाची तूट. चंद्र, तिथी आणि भरती हा धडा यात संपतो.

ओट्यावर काय मोजायचं? किनाऱ्यापासून पाण्याच्या दिशेने २० मीटर दोरी टाका. दर मीटरला खाली काय आहे लिहा: उघडा खडक, शेवाळ, कालवं, डबकं, वाळू. उतार काढायला गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी उत्तम, पण पाणी भरताना आत बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी खोटी दिसते. नळी बोटाने टिचकावून बुडबुडे काढा. ओहोटीची वेळ होण्याआधी दीड-दोन तास पोचा आणि पाणी फिरलं की निघा. शेवाळावर चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. पावसाळ्यात तिथे अजिबात नको.

अंधेरीचा गिल्बर्ट हिलही यादीत घाला. उभे बेसाल्टचे खांब, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, भोवती इमारती. खांबांच्या बाजू मोजायच्या, पाच की सहा, आणि भेगा उभ्याच का गेल्या याचं कारण लिहायचं. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात तडे जातात, हे खांब बघून लिहिलेलं वाक्य आणि घोकलेलं वाक्य वाचताना वेगळं कळतं.

रात्रीचा_प्रवासी

गेम पूर्ण बंद करू नका. सेटेरा हा नकाशावर जागा ओळखायचा गेम, देश आणि राजधान्या पक्क्या करायला रोज दहा मिनिटं पुरे. जिओगेसर (रस्त्याचं चित्र बघून जागा ओळखायचा गेम) खेळायचाच तर एक अट: अंदाज लावण्याआधी तीन पुरावे वहीत. गाड्या कुठल्या बाजूने चालतात, माती, झाडं, सावली. 'दुपारी सूर्य उत्तरेला म्हणजे दक्षिण गोलार्ध' हा खेळाडूंचा आवडता नियम मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत फसतो, कारण तेव्हा इथेही सूर्य माध्यान्हीला उत्तरेकडे असतो. कर्कवृत्त शिकवायला यापेक्षा चांगली चूक मिळणार नाही.

आकडेमोड

इथे मानवी भूगोल कुणी काढलाच नाही, सगळे दगडधोंड्यांत रमलेत 🙂

वितरणाचे नकाशे मुंबईच्याच आकड्यांवर करा. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाख, २०११ मध्ये ३०.८५ लाख. उपनगर जिल्हा ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर. शहर घटलं आणि उपनगर वाढलं. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी काय आलं, घरांच्या किमती, लोकलचा विस्तार, अशी कारणं तिने स्वतः मांडावीत आणि प्रत्येक कारणाला एक जागा नकाशावर दाखवावी. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून हे आकडे जुने असले तरी तेच वापरावे लागतात. वहीत वर्ष लिहायला विसरू नका.

मग क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे प्रत्येक भागाला त्याच्या आकड्याप्रमाणे एक छटा. उपनगर जिल्ह्याला एकच छटा दिली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि कुर्ल्याची वस्ती एका रंगात जातात. तिला विचारा, हा नकाशा खोटं कुठे बोलतो? त्याच आकड्यांचा टिंब नकाशा काढताना टिंबं जंगलात पडू द्यायची नाहीत. तलाव आणि खाडीतही नाही. यासाठी टोपोशीट शेजारी लागतेच.

संगणकाची आवड असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण पहिल्या दोन महिन्यांत नको. सॉफ्टवेअर वर्गवारी आपोआप करतं, त्यामुळे पाच गट का पाडले आणि सीमा कुठे धरल्या हे मुलांना सांगता येत नाही. हाताने दोन नकाशे रंगवून झाल्यावर द्या. उंचीसाठी एसआरटीएमचा (अवकाशातून मोजलेल्या उंचीचा) डेटा घेतलात तर एवढं ध्यानात ठेवा: तो फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतलेला आहे, त्यात झाडांच्या शेंड्यांची आणि इमारतींचीही उंची मिसळते. गजबजलेल्या भागात नसलेली टेकडी दिसली तर घाबरू नका.

गुगल अर्थ प्रोमधली जुन्या चित्रांची सरकपट्टीही वापरा. नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर जाऊन मागे मागे सरका. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, हे वर्षागणिक दिसतं. माणसाचा भूरूपांवर होणारा परिणाम यावर वेगळा व्हिडिओ शोधत बसायला नको.

चेंबूरकर_आई

खूप मिळालं. शेवटचा प्रश्न: प्रात्यक्षिकाच्या वहीत यातलं काय घालायचं? सगळंच घातलं तर जाडजूड होईल.

टोपोशीटवाला

सगळं नको. अभ्यासक्रमात जे प्रयोग दिलेत तेच, त्याच क्रमाने. माथेरानचा छेद, एक टिंब नकाशा आणि एक क्षेत्रघनी त्यात बसतात. पावसाची नोंद आलेख म्हणून. बाकीचं कच्च्या वहीत ठेवा, तोंडी परीक्षेत बोलायला उपयोगी पडतं.

प्रत्येक नकाशावर शीर्षक, सूची, प्रमाण, उत्तर दिशा, आणि आकडे कुठल्या वर्षाचे ते. समोच्च रेषेवरचा आकडा रेषा तोडून लिहायचा, वर तरंगता नाही. काळ्या जेल पेनने आधी अक्षरं लिहून मग रंगवू नका, स्केचपेन ओला असतो आणि शाई पसरते. आधी रंग, वाळू द्या, मग अक्षरं. टोपोशीट घडी घालून फाइलमध्ये खुपसू नका. छपाई घडीवर उडते आणि नेमक्या हव्या तिथल्या समोच्च रेषा वाचता येत नाहीत. गुंडाळी करून पीव्हीसीच्या पाइपात ठेवा, मुंबईच्या दमट हवेत दोन्ही तोंडं बंद करून.